संपत्तीचे राखणदार : श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड

फतेगंजातून कमाटीबागेकडे जाताना विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर लागतो, पुढे बागेतील संग्रहालय लागते आणि बागेजवळ काळ्या घोड्यावर आरूढ झालेला महाराजांचा पुतळा दिसतो. ज्या नरश्रेष्ठाच्या कर्तृत्वाची ही स्मारके आहेत, त्या श्रीमंत सयाजीराव महाराजांचे चरित्र बडोदेकरांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे प्रवर्तक, ग्रंथालय-चळवळीचे जनक, विद्वानांचे आश्रयदाते म्हणून त्यांचे गुणगान अनेकांनी केले आहे व ते यथार्थच आहे. तथापि त्यांच्या चरित्राची एक बाजू तुलनेने उपेक्षित राहिली आहे. अफाट संपत्ती असलेल्या एका घराण्याची जोखीम त्यांनी वयाच्या बाराव्या वर्षी पत्करली व चौसष्ट वर्षे वाहिली. ही संपत्ती त्यांनी कोणत्या संकटांपासून कशी सांभाळली, आणि कोणते संकट त्यांनाही परतवता आले नाही, हे पाहणे महाजन कुटुंबांना विशेष उद्बोधक ठरेल. कारण आपणांपैकी प्रत्येकाच्या हाती दोन प्रकारचे धन असते : एक स्वतःच्या घराचे व दुसरे विश्वासाने सोपविलेले. ही दोन धने एकमेकांत मिसळू न देणे हे महाजनपणाचे पहिले कर्तव्य होय, आणि महाराजांच्या आयुष्याचा मोठा भाग याच एका कर्तव्याच्या पालनात गेला.

घराण्याची पूर्वस्थिती

गायकवाडांची दौलत मोठी असली तरी तिच्या पाठीस कर्जाचे ग्रहण जुनेच होते. सन १८०२ मध्ये अरब शिपायांचे थकलेले पगार चुकते करण्यासाठी दरबारला मोठे कर्ज काढावे लागले. त्या वेळी बडोद्याच्या सावकारी पेढ्यांनी रक्कम दिली ती इंग्रज कंपनीच्या हमीवर. या हमीला ‘बहांदरी’ असे नाव पडले. स्वतःच्या राजाच्या शब्दापेक्षा परक्याची हमी सावकारांना अधिक भरवशाची वाटावी, यातच त्या काळच्या दरबारी जमाखर्चाची अवस्था स्पष्ट होते. या हमीच्या मार्गानेच कंपनीचा हात संस्थानच्या अंतर्गत कारभारात शिरला. कर्जदाराची सत्ता हळूहळू हमीदाराकडे जाते, याचे हे ठळक उदाहरण होय.

पुढे खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत उत्पन्न वाढले, परंतु खर्चाची हौसही त्याच प्रमाणात वाढली. रुप्याच्या तोफा घडविल्या गेल्या, मोत्यांचा सुप्रसिद्ध गालिचा तयार करविला गेला, ब्राझीलमध्ये १८५३ साली सापडलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ हा विख्यात हिरा जामदारखान्यात आला. १८७० च्या नोव्हेंबरात खंडेराव निवर्तले आणि त्यांनीच पाद्र्यास बंदीत ठेवलेले त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. बंधूच्या रुप्याच्या तोफांवर मात करण्यासाठी त्यांनी सोन्याच्या तोफा ओतविल्या. तिजोरी रिती होऊ लागली, शेतकऱ्यांवर सारा वाढला, सरदार व सावकार असंतुष्ट झाले. १८७४ मध्ये दादाभाई नौरोजींसारखा निःस्पृह पुरुष दिवाणपदावर आला, पण त्यासही थोड्याच काळात पद सोडावे लागले. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष कालविल्याचा आरोप १८७४ च्या नोव्हेंबरात उद्भवला. चौकशी-समितीतील इंग्रज व हिंदी सभासदांचे एकमत झाले नाही, तरीही १८७५ च्या एप्रिलमध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासेस पाठविण्यात आले.

या सर्व प्रकाराचे केंद्र असलेली ब्रिटिश छावणी शहराच्या उत्तरेस होती, आणि आजचे फतेगंज त्याच छावणीच्या परिसरात वसले आहे. येथील जुने चर्च त्या काळाची साक्ष देते. राजवाड्यातील अव्यवस्थेवर छावणीची नजर अखंड होती. घरातील जमाखर्च बिघडला की बाहेरच्यास दार उघडे होते, हा धडा बडोद्याने मोठी किंमत देऊन घेतला.

दत्तकविधान व शिक्षण

खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुज्ञा मिळाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात गायकवाडांची एक शाखा शेती करून राहत होती. त्या शाखेतील काशीराव यांचे पुत्र गोपाळराव यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी झाला होता. त्यांची निवड होऊन २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले व ते सयाजीराव या नावाने गादीवर आले. काल शेताच्या बांधावर खेळणारे मूल आज हिंदुस्थानातील अत्यंत धनाढ्य घराण्यांपैकी एकाचे प्रमुख झाले. हे भाग्य खरे, पण त्यातील धोकाही तेवढाच मोठा होता. अचानक लाभलेली संपत्ती आणि तिच्या वापराचे अज्ञान यांचा संयोग किती घातक ठरतो, याची प्रचीती बडोद्यास नुकतीच आली होती.

हा धोका ओळखून दोन गोष्टी करण्यात आल्या. महाराजांचे शिक्षण एफ. ए. एच. इलियट या जाणत्या शिक्षकाच्या स्वाधीन झाले, आणि राज्यकारभार राजा सर टी. माधवराव यांच्याकडे सोपविला गेला. माधवराव हे कुंभकोणमकडील मराठी ब्राह्मण. त्रावणकोर व इंदूर येथे त्यांनी दिवाणगिरी गाजविली होती. बडोद्यास येताच त्यांनी सरदार, शिलेदार, जवाहिरे व सावकार यांच्या तुंबलेल्या मागण्या एकेक करून तपासल्या, खऱ्या ठरल्या त्या भागविल्या. महसुलाची इजारेदारी मोडून सरकारी वसुलीची पद्धत बसविली. अल्पवयीन वारसाच्या संपत्तीवर विश्वस्ताने कसा कारभार करावा, याचा हा आदर्श होता. मालक सज्ञान होईल तेव्हा त्याच्या हाती हिशेबासह सर्व काही द्यावयाचे आहे, या भावनेने त्यांनी प्रत्येक खाते चालविले.

१८८१ साली, अधिकारग्रहणाच्या अगोदर, माधवरावांनी महाराजांना व्याख्यानमालेच्या रूपाने उपदेश केला. तो पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. राजाने प्रकृती कशी जपावी, सेवक कसे निवडावे, राजवाड्याचा खर्च कसा आवरावा, स्तुतिपाठकांपासून कसे दूर राहावे, अशा व्यावहारिक विषयांचा त्यात ऊहापोह आहे. मोठ्या घरास बाहेरच्या शत्रूपेक्षा आतल्या शैथिल्याचे भय अधिक असते, हे त्या अनुभवी पुरुषाचे मर्म होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांना पूर्ण अधिकार प्राप्त झाले.

खासगी व दौलत

महाराजांच्या अर्थव्यवहाराचा पाया एकाच विभागणीवर उभा होता. राजवाड्याचा खर्च ‘खासगी’ खात्यातून व्हावा, त्या खात्यास वार्षिक नेमणूक ठरलेली असावी, आणि उरलेले सर्व उत्पन्न संस्थानचे म्हणजे प्रजेचे समजावे. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु त्या काळातील बहुतेक संस्थानांत राजाची इच्छा हीच तिजोरीची किल्ली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या नियमाचे मोल कळते. ज्या दिवशी मालकाने स्वतःवर मर्यादा घालून घेतली, त्या दिवशी कारभारी, कारकून व नातलग यांनाही मर्यादा आपोआप लागू झाली.

या विभागणीस बळकटी आली ती लेखी कारभाराने. तोंडी हुकमांच्या जागी टिपण, अभिप्राय व हुजूर-आज्ञा यांची शिस्त बसली. दरवर्षी कारभाराचा अहवाल छापून प्रसिद्ध होऊ लागला. जमा व खर्चाचे अंदाज आधी ठरू लागले. शिल्लक रकमेचे दागिने वा जवाहीर न करता ती व्याजी सरकारी रोख्यांत व उत्पादक कामांत गुंतविण्याकडे कल वळला. शहरास शुद्ध पाणी देणारा आजव्याचा तलाव, रेल्वेचे फाटे, इस्पितळे व शाळा ही त्या धोरणाची फळे होत. पुढे रमेशचंद्र दत्तांसारखा अर्थशास्त्रज्ञ बडोद्याच्या सेवेत आला व किरकोळ, जाचक करांच्या जंजाळाऐवजी आयकराची सुटसुटीत पद्धत सुरू झाली.

महाराज काटकसरी होते असे मात्र म्हणता येणार नाही. १८९० मध्ये पूर्ण झालेला लक्ष्मीविलास राजवाडा पाहिला की त्यांची भव्यतेची आवड कळून येते. परदेशचे त्यांचे दीर्घ प्रवास हाही टीकेचा विषय झाला होता. तथापि खर्च केलेल्या रकमेचा हिशेब राहावा आणि तो कोणासही पाहता यावा, या तत्त्वापासून ते ढळले नाहीत. संपत्तीचा उपभोग आणि संपत्तीची बेहिशेबी उधळण यांतील भेद त्यांनी आचरणात आणला.

छप्पनचा दुष्काळ

विक्रम संवत १९५६ म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत ‘छप्पनियो’ या नावाने आजही वृद्धांच्या तोंडी आहे. पाऊस गेला, गुरे मेली, त्यामागून रोगराई आली. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. एवढ्या भयंकर प्राणहानीत कोणत्याही राज्याची आर्थिक घडी विसकटली असती. बडोद्यात मात्र पूर्वीच्या वर्षांची शिल्लक उपयोगी पडली. साऱ्यात सूट, तगाई, मदतीची कामे यांवर खर्च करता आला. महाराजांनी दुष्काळी भागांत स्वतः फिरून पाहणी केली व तिची टिपणे लिहून प्रसिद्ध केली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चांगल्या वर्षी राखून ठेवलेला निधी वाईट वर्षी खर्च करण्यासाठीच असतो. पुष्कळ श्रीमंत घरांत शिल्लक ही प्रतिष्ठेची वस्तू समजली जाते आणि आपत्काळी तिला हात लावण्याऐवजी कर्ज काढले जाते. महाराजांनी तसे केले नाही. शिल्लक कमी झाली, पण घराण्यावर व संस्थानावर नवे ऋण चढले नाही. १८०२ ची चूक शंभर वर्षांनी पुन्हा घडली नाही.

पेढीची स्थापना

बडोद्यात परस्परसाह्याची कल्पना महाराजांच्या काळी लवकर रुजली. १८८९ मध्ये प्राध्यापक विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी आपल्या मराठी मित्रमंडळींच्या साह्याने ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन केली. ती हिंदुस्थानातील आद्य सहकारी पतसंस्था मानली जाते. बेताच्या उत्पन्नाच्या गृहस्थांनी थोडी थोडी बचत एकत्र करून अडीअडचणीस एकमेकांच्या पाठीशी उभे राहावे, हा तिचा हेतू होता.

श्रीमंतांच्या व व्यापाऱ्यांच्या ठेवींची व्यवस्था मात्र अजून खासगी पेढ्यांकडेच होती. पेढी एका घराण्याची असल्यामुळे त्या घरात मृत्यू, भाऊबंदकी किंवा सट्टा उद्भवला की ठेवीदारांचे धनही बुडे. १९०६ मध्ये महाराज अमेरिकेस गेले व तेथील उद्योग, शिक्षण व बँकांच्या पद्धती त्यांनी अवलोकन केल्या. राल्फ व्हायटनॅक या अमेरिकन अर्थतज्ज्ञास त्यांनी बडोद्याच्या सेवेत घेतले. अखेर २० जुलै १९०८ रोजी दहा लाख रुपयांच्या वसूल भांडवलावर बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. महाराजांचे बंधू संपतराव गायकवाड यांच्याबरोबर विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास, तुळशीदास किलाचंद यांसारखे व्यापारात मुरलेले गृहस्थ तिच्या उभारणीत होते. संस्थानचा आश्रय तिला होता, परंतु ती राजवाड्याची तिजोरी नव्हती. भागधारक, संचालक व छापील ताळेबंद असलेली ती संस्था होती.

या फरकाची परीक्षा पाच वर्षांतच झाली. १९१३ च्या सप्टेंबरात लाहोरची पीपल्स बँक बंद पडली, नोव्हेंबरात मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यापायी कोसळली, आणि १९१७ पर्यंत देशातील ८७ बँका बुडाल्या. अनेक प्रतिष्ठित घराणी एका रात्रीत निर्धन झाली. एकाच माणसाच्या बुद्धीवर, एकाच मालाच्या भावावर सर्वस्व लावल्याचा तो परिणाम होता. बडोद्याची बँक त्या वादळातून सुखरूप पार पडली. १९ जुलै १९६९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक व देना बँक तिच्यात विलीन झाल्या. संस्थान लयास गेले, पण संस्थानिकाने लावलेले हे झाड वाढतच राहिले.

घरातील माणसे

आतापर्यंत वर्णिलेला भाग यशाचा आहे. परंतु चरित्रलेखकाने केवळ यश सांगून थांबणे वाचकांशी प्रतारणा करण्यासारखे होईल. संपत्तीवरील संकटे महाराजांनी ओळखली व बहुतांशी निवारली. कुटुंबावरील संकटांपुढे मात्र त्यांचे फारसे चालले नाही.

१८८० मध्ये त्यांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाला. त्याच पहिल्या महाराणी चिमणाबाई होत. क्षयाने त्यांचे अल्पवयातच १८८५ मध्ये निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस देवासच्या गजराबाई या दुसऱ्या महाराणी चिमणाबाई म्हणून राजवाड्यात आल्या. त्या पुढे १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. महाराजांची स्वतःची प्रकृतीही निद्रानाशामुळे व अतिश्रमामुळे ढासळली आणि १८८७ मध्ये उपचारार्थ त्यांना युरोपास जावे लागले. तेव्हापासून परदेशवास हा त्यांच्या जीवनाचा भाग बनला. मालक दूर असताना कारभार चालावा यासाठी त्यांनी दिवाण व मंडळ यांची व्यवस्था लावून दिली, आणि ती चाललीही. परंतु पित्याच्या अनुपस्थितीला तशी पर्यायी व्यवस्था कोणत्याही नियमावलीने लावता येत नाही.

१९०८ हे वर्ष या घराण्याच्या इतिहासात विलक्षण ठरले. २९ जून रोजी युवराज फत्तेसिंहरावांना पुत्र झाला. त्याचे नाव प्रतापसिंह. २० जुलैला बँकेची स्थापना झाली. आणि १४ सप्टेंबरला युवराज फत्तेसिंहराव वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी कालवश झाले. अडीच महिन्यांच्या अवधीत वारस जन्मला, प्रजेच्या ठेवींना सुरक्षित स्थान लाभले, आणि ज्याच्या हाती हे सर्व सोपवायचे तो पुत्र हिरावला गेला.

इतक्यावर दैव थांबले नाही. ऑक्सफर्डच्या क्रिकेट-संघातून खेळलेले शिवाजीराव १९१९ मध्ये गेले. हार्वर्ड विद्यापीठात शिकलेले जयसिंहराव १९२३ मध्ये गेले. उत्तमोत्तम शिक्षण, जगाचा प्रवास, निष्णात वैद्य, यांपैकी कशाचीही उणीव नव्हती. परंतु राजपुत्रांना जडलेल्या मद्याच्या सवयीने घात केला, हे चरित्रकारांनी लपविलेले नाही. ज्यांनी हजारो मुलांच्या शिक्षणाची सोय केली, १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांसारख्या बुद्धिमान तरुणास शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले, त्या पित्याला स्वतःच्या मुलांचे आयुष्य वाचविता आले नाही. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या महाराजांना लहानपणी जी कष्टांची ओळख होती, ती राजवाड्यात जन्मलेल्या मुलांना कधी झालीच नाही. संपत्तीसोबत तिचे ओझेही मुलांच्या अंगवळणी पडावे लागते, आणि ते काम पगारी शिक्षकाकडून पूर्ण होत नाही. हा दोष महाराजांच्या माथी मारण्याचा येथे हेतू नाही. ज्या घरांत समृद्धी दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीत आली आहे, त्या प्रत्येक घराने आपल्या अंगणात डोकावून पाहावे एवढाच हेतू आहे.

अखेरची तजवीज

वृद्धापकाळी महाराजांनी आपल्या घराण्याच्या भवितव्याचा विचार अधिकाधिक संस्थांच्या रूपाने केला. आपला खासगी ग्रंथसंग्रह त्यांनी पूर्वीच मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकला होता. हौसेने जमविलेली चित्रे व कलावस्तू कमाटीबागेतील संग्रहालयात सर्वांस खुल्या झाल्या होत्या. पूर्वजांच्या स्मृतीसाठी कीर्तिमंदिर उभारले गेले. १९३६ मध्ये राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा झाला, त्या प्रसंगी ग्रामसुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी त्यांनी जाहीर केला. नातू प्रतापसिंहराव यांनी आजोबांच्या स्मरणार्थ विश्वस्त-निधीची योजना पुढे नेली व आजोबांच्या इच्छेनुसार १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले. श्रीमती हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. त्यांच्या पश्चात जे घडले, तेही या कथेचा भाग आहे. प्रतापसिंहरावांची आरंभीची वर्षे व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्यासारख्या कुशल दिवाणाच्या साह्याने चांगली गेली. पुढे मात्र ‘खासगी’ व ‘दौलत’ यांतील भिंत ढासळली. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्या सुमारास झालेल्या तपासणीत संस्थानच्या तिजोरीतून मोठ्या रकमा उचलल्या गेल्याचे उघडकीस आले व त्या परत करण्याचे ठरवावे लागले. जामदारखान्यातील कित्येक अमूल्य रत्ने देशाबाहेर गेली. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली. खंडेरावांनी हौसेने करविलेला मोत्यांचा गालिचा २००९ साली दोहा येथे लिलावात विकला गेला. पुढील पिढीत, १९८८ नंतर, घराण्याच्या मालमत्तेचा वाद न्यायालयात गेला व सुमारे पाव शतक चालून २०१३ साली तडजोडीने मिटला.

दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून पाहाव्यात. जे जवाहीर एका कुलुपाच्या व एका माणसाच्या भरवशावर राहिले, ते पांगले. जे धन महाराजांनी हयातीतच शाळा, ग्रंथालय, संग्रहालय, बँक व विश्वस्त-निधी यांच्या स्वाधीन केले, जेथे एकापेक्षा अधिक माणसांची देखरेख होती व हिशेब दरवर्षी उघडा होत होता, ते टिकले, इतकेच नव्हे तर वाढले. नातवाच्या हातून एकीकडे तिजोरीची भिंत पडली, पण त्याच नातवाच्या हातून विद्यापीठाची भिंत उभी राहिली, कारण तिचा आराखडा व तजवीज आजोबांनी घालून दिली होती. माणूस तोच होता. व्यवस्था असेल तेथे त्याच्याकडून सत्कार्य झाले, व्यवस्था नव्हती तेथे घसरण झाली.

महाजन मंडळींच्या दृष्टीने याहून अधिक स्पष्ट बोध कोणता असू शकेल? देवस्थानाचा निधी, देवाचे अलंकार, देवाची जमीन ही आपल्या पूर्वजांनी आपणांस दिलेली मिळकत नसून राखणदारी आहे. ती एका कुटुंबाच्या विश्वासावर न सोडता वहीखात्यावर, तपासणीवर व अनेकांच्या सहीवर सोडली, तर पुढच्या पिढीत एखादा दुबळा निघाला तरी देवाचे धन सुरक्षित राहते. आणि स्वतःच्या घराविषयी म्हणाल, तर शिल्लक, विमा, मृत्युपत्र, निरनिराळ्या जागी केलेली गुंतवणूक ही सर्व दक्षता अवश्य घ्यावी. पण मुलांस वेळ देणे, त्यांना लहान वयातच घरचा जमाखर्च दाखविणे, एखाद्याचे पाऊल वाकडे पडू लागले तर लोकलज्जेस्तव न लपविता वेळीच हात देणे, ही दक्षता सर्वांत मोठी समजावी. तिचा विमा कोणतीही कंपनी उतरवीत नाही.

फतेगंजातून विद्यापीठाकडे जाणारी मुले-मुली दररोज सकाळी वह्या-पुस्तके घेऊन जाताना दिसतात. त्यांतील बहुतेकांना जामदारखान्यात कोणती रत्ने होती हे ठाऊक नसते व ठाऊक असण्याचे कारणही नाही. महाराजांच्या संपत्तीचा वाटा त्यांच्या हाती केव्हाच पोहोचला आहे. कवळाण्याच्या त्या मुलाने सांभाळलेली दौलत अशा रीतीने तिच्या खऱ्या वारसांकडे गेली. त्या थोर राखणदाराच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.